भैरोबाचा टीव्ही

“...मग मीटर खोटं बोलतं का, अक्का?”

कौस्तुभने उभ्यानेच विचारलं. हातात ते मुठीएवढं मीटर, त्याची वायर मागे लॅपटॉपपर्यंत गेलेली. टीव्हीच्या काचेवर टेकवलं की हे यंत्र समोरचा पांढरा किती पांढरा आणि लाल किती लाल ते मोजून सांगायचं.

अक्का जमिनीवर बसून पावटा सोलत होत्या.

“मी कुठं तसं म्हटलं? बिचाऱ्याला जे विचारलंस ते त्यानं सांगितलं.”

“मग?”

“मग काही नाही. हौसा नाही म्हणाली.”

...

अक्कांचा मठ टेकडीच्या पायथ्याशी आणि भैरोबा वर गुहेत. मधे पायऱ्या, त्याही उभ्या आणि झिजलेल्या. ज्यांचे गुडघे शाबूत ते वर जायचे. ज्यांचे गेले ते खाली मठाच्या सभामंडपात बसून टेकडीकडे तोंड करून हात जोडायचे.

या खाली बसणाऱ्यांसाठी कौस्तुभने टीव्ही आणला होता. वर गुहेत कॅमेरा, तिथून डोंगर उतरून आलेली वायर आणि सभामंडपात चांगला भिंतभर टीव्ही. तोही दुकानातला नव्हे. पुण्याच्या स्वतःच्या घरातला, हॉलच्या भिंतीवरून उतरवलेला.

“आईला सांगितलं, तू तुझ्या मालिका आता मोबाईलवर बघ,” तो आल्या आल्या अभिमानाने म्हणाला होता.

“म्हणजे आईच्या मालिका बुडवून तू मोक्षाला निघालास,” अक्का म्हणाल्या होत्या.

कौस्तुभचा धंदाच हा. लोक हौसेने मोठा टीव्ही घेतात आणि दुकानात होता तसाच घरी लावतात. दुकानात शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला उठून दिसावा म्हणून प्रत्येक टीव्ही नुसता ओरडत असतो. गवत पोपटी, आभाळ निळंशार, माणसं पावडर थापल्यासारखी. कौस्तुभ घरी जायचा, खिडक्यांचे पडदे ओढायचा, मीटर लावायचा आणि तो आरडाओरडा बंद करायचा. एकेक रंग जागच्या जागी आणून बसवायचा. त्याच्या हाताखालून गेलेला टीव्ही पाहून मालक विचारायचे, हा आपलाच का?

हात चांगला होता, यात वाद नाही. आपला हात चांगला आहे हे त्यालाही फार चांगलं माहीत होतं.

अक्कांनी आपल्याला शिष्य करून घ्यावं, ही त्याची जुनी मागणी. अक्का हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा एवढंच म्हणाल्या,

“हौसाबाईनं याच्यापुढं हात जोडले की ये. मग बोलू.”

कौस्तुभ मनात हसला होता. एक म्हातारी... तिला काय लागतंय?

...

हौसाबाई पूर्वी रोज वर जायच्या. पाऊस म्हणू नका, ऊन म्हणू नका. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या, आणि तेव्हापासून त्यांनी भैरोबा पाहिला नव्हता. कुणाकडे त्याबद्दल बोलल्याही नव्हत्या. सभामंडपात सगळ्यांच्या आधी यायच्या, खांबाला टेकून बसायच्या, सगळ्यांच्या नंतर जायच्या.

टीव्ही पहिल्यांदा लागला तेव्हा मंडपात एकदम गलका झाला.

भैरोबा म्हणजे कोरीव मूर्ती नव्हे. शेंदूर थापथापून गोल झालेला तांदळा. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, नाक-तोंडही नाही. फक्त चांदीचे दोन डोळे बसवलेले. तो असा काही स्वच्छ दिसत होता की शेंदराच्या पापुद्र्यांच्या कडा मोजून घ्याव्यात. डोळ्यांवरचे ओरखडे दिसत होते. मागच्या कोनाड्यातली दगडू गुरवांची स्टीलची बादलीसुद्धा दिसत होती.

“काय क्लिअर आहे,” कुणीतरी म्हणालं.

हौसाबाईंनी बराच वेळ पाहिलं. हात मांडीवरच.

“कुणाचा फोटो हाय ह्यो?”

“फोटो नाही, आजी. लाईव्ह आहे. वर आत्ता, या क्षणी आहे तो भैरोबा.”

“आसंल,” हौसाबाई म्हणाल्या.

आणि खांबाला टेकल्या.

कौस्तुभ हिरमुसला नाही. त्याला या तऱ्हेची सवय होती. खरे रंग लोकांना आधी पिवळट वाटतात. पुण्यातल्या एका साहेबांनी तर घरातल्या सगळ्यांना कावीळ झाली म्हणून त्याला फोन केला होता. चार दिवस गेले की डोळे बसतात. मग जुना भडक टीव्ही समोर आणला तर तेच लोक तोंड फिरवतात.

त्याने चार दिवस जाऊ दिले.

“आता कसा वाटतो, आजी?”

“बरा हाय की टीव्ही.”

“टीव्ही नाही हो, भैरोबा.”

हौसाबाईंनी मान हलवली.

“ह्यो माझ्याकडं बघत न्हाई.”

हे ऐकून कौस्तुभला बरंच वाटलं. तक्रार नेमकी कळली की काम सोपं होतं. तो वर गेला, कॅमेरा थोडा खाली घेतला आणि डोळ्यांच्या बरोबर समोर आणला. खाली येऊन टीव्ही भिंतीपासून सोडवला, हौसाबाईंच्या खांबाकडे तिरका केला. पुन्हा मीटर लावलं. लाल तपासला, पिवळा तपासला, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या तपासल्या. सगळं काट्यावर.

“आता?”

हौसाबाईंनी पाहिलं.

“मान वळवलीया त्यानं. बघत न्हाई.”

...

म्हणून आज तो अक्कांसमोर उभा होता आणि विचारत होता, मीटर खोटं बोलतं का.

“अक्का, एक सांगू? राग मानू नका.”

“सांग.”

“हौसाबाईंचा मोतीबिंदू काढलाय. ऑपरेशननंतर रंग वेगळे दिसतात, थोडे निळसर. दोष टीव्हीत नाहीये, डोळ्यांत आहे.”

“माझाही काढलाय.”



“मग तुम्हाला कसा दिसतो?”

“मला पावटा दिसतोय,” अक्का म्हणाल्या.

शेंग उघडली, दाणे टोपलीत, टरफल बाजूला.

“तू वर गेला होतास?”

“कितीदा तरी. कॅमेरा मीच लावलाय.”

“भैरोबा कसा आहे?”

“कसा म्हणजे... शेंदरी आहे. खाली रुंद, वर निमुळता. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर बसवलाय. शेंदराला उजव्या बाजूला एक भेग गेलीय.”

“हे सगळं टीव्हीत दिसतं.”

“हो. तेच तर म्हणतोय मी.”

“मी वरचं विचारलं.”

कौस्तुभ आठवू लागला. 

गुहेत गेल्यावर त्याने काय काय पाहिलं होतं ते त्याला सगळं आठवत होतं. कॅमेऱ्याचा स्क्रू आठवत होता. वायर उंदरांनी कुरतडू नये म्हणून घातलेली नळी आठवत होती. आणि भैरोबा आठवत होता तो लॅपटॉपच्या पडद्यावर दिसलेला...

अक्का उठल्या. पदराला हात पुसले.

“चल.”

...

पायऱ्यांवर त्याने हात पुढे केला.

“माझे गुडघे अजून माझं ऐकतात,” अक्का म्हणाल्या. “तू तुझा लॅपटॉप सांभाळ.”

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, लॅपटॉप आपण काखेत मारूनच निघालो आहोत.

गुहेचं दार इतकं बुटकं की आत जाताना कुणालाही वाकावंच लागतं. आत दगडू गुरव बसले होते. त्यांनी घाईघाईने घोंगडी झटकून अंथरली.

“या अक्का. या दादा, जपून.”

गुहा लख्ख उजळलेली. वर कातळाला अडकवलेली ट्यूब हलकेच गुणगुणत होती. तिच्या उजेडात समईची ज्योत असून नसल्यासारखी.

अक्कांनी ट्यूबकडे पाहिलं.

“ही कधीपासून, दगडू?”

“दादा आलं तवापासनं. शहराचा माणूस, अंधारात डोकं आपटंल, म्हणून म्याच लावली. मग दादा म्हणालं फोटू झकास येतोय, तर ऱ्हाऊ दिली.”

“कॅमेऱ्याला उजेड लागतो, अक्का,” कौस्तुभ म्हणाला.

“कॅमेऱ्याला लागतो. खरं आहे.”

...

“बंद कर, दगडू.”

खटका पडला.

काळोख झाला. साधासुधा नव्हे, डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळू नये असा. समईची वात तेवढी होती, पण ती स्वतःपुरती. तिच्या पलीकडे काही नव्हतंच.

कौस्तुभने सवयीने मोबाईल काढला आणि बॅटरी लावली.

अक्कांनी त्यावर हात ठेवला.  त्यांच्या बोटांच्या फटी क्षणभर लाल उजळल्या. कौस्तुभने मुकाट्याने बॅटरी बंद केली.

बसला.

काळा रंग नीट काळा असला पाहिजे, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगायचा. काळा जमला की बाकीचे आपोआप जमतात, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण तो काळा कायम काचेच्या आत असायचा आणि कौस्तुभ काचेच्या बाहेर. आज पहिल्यांदाच तो आत बसला होता.

थोडा वेळ गेला. पाय अवघडला.

“अक्का, अजून किती...”

“श्श.”

आणखी वेळ गेला. बाहेर कुठेतरी शेळी ओरडली. दगडू गुरवांनी समईत तेल घातलं, ज्योत दचकली आणि पुन्हा सरळ झाली.

मग समोर, जिथे काही नव्हतं तिथे, दोन डोळे होते.

बाकी कुणी नाही. चेहरा नाही, दगड नाही. नुसते डोळे, आणि ते त्याच्याकडे बघत होते. ज्योत हलली तसे तेही हलले, किंचित, एखादं माणूस नजर रोखताना हलतं तसे.

कौस्तुभ ताडकन मागे सरला आणि त्याचं डोकं कातळावर आपटलं.

“म्हनून लावली हुती ट्यूब,” अंधारातून दगडू गुरव म्हणाले.

अक्का हसल्या की काय कोण जाणे. कौस्तुभचं तिकडे लक्ष नव्हतं. डोकं चोळायचंही त्याला सुचलं नाही. डोळ्यांभोवती आता हळूहळू शेंदूर उगवत होता. त्याने मोजलेला, काट्यावर बसवलेला तो रंग नव्हेच. राखेखालचा विस्तव फुंकर घातल्यावर जसा उजळत जातो, तसा. इकडे उजळला की तिकडे विझणारा.

बादली दिसत नव्हती. भेग दिसत नव्हती. ओरखडे तर नाहीतच.

तो किती वेळ बसला हे त्याने पाहिलं नाही. कधीतरी अक्कांचा आवाज आला, दाराकडून.

“मी उतरते. तू ये सावकाश.”

...

तो सावकाश आला नाही. धावत आला.

वर त्याने कॅमेऱ्याची एक सोय बंद करून टाकली होती. अंधार दिसला की कॅमेरा स्वतःच्या मनाने चित्र उजळवतो, ती. ट्यूब तर त्याने गुरवांकडून उतरवूनच घेतली. आणि त्यांना म्हणाला,

“काका, माझ्यासारखं कुणी आलं तर डोकं आपटू दे.”

खाली येऊन त्याने मंडपाच्या खिडक्या लावल्या. दारावर सतरंजी टांगली. टीव्हीच्या मागचा उजेड खाली आणला, आणखी खाली आणला, एखाद्या मालकाने पाहिलं असतं तर घरातून हाकलून दिलं असतं इतका खाली. सावल्यांमधलं बारीकसारीक वर काढून दाखवणारी सगळी बटणं एकेक करून बंद केली. चित्राला मुद्दाम आणलेली धार काढून टाकली.

शेवटी सवयीने मीटर काचेवर टेकवलं.

मीटर म्हणालं, इथे मोजण्यासारखं काही नाही.

कौस्तुभने ते पिशवीत घातलं.  आपण काय करतो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच ठाऊक होतं.

...

दुपारच्या आरतीला माणसं जमली.

“टीव्ही गेला वाटतं.”

“गेला नाही,” कौस्तुभ म्हणाला. “बसा.”

“आता काय बसा? चार दिस झकास चालू हुता. काय केलंस रं पोरा?”

“दिसेल.”

“काय दिसंल? काळोख?”

“बसा तर खरं, काकू.”

काकू कुरकुरत बसल्या. एक-दोघं उठून गेले. पडद्यावर एका कोपऱ्यात ज्योतीचा ठिपका तेवढा होता, बाकी सगळा काळा. दारावरच्या सतरंजीच्या कडेने उन्हाची बारीक रेघ आत येत होती, ती कौस्तुभने पायाने दाबून धरली.

हौसाबाई आपल्या खांबापाशी होत्या. त्या कुरकुरल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात घाई नव्हती.

...

कौस्तुभ टीव्हीकडे बघतच नव्हता. तो हौसाबाईंच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होता. अंधारात ते नीट दिसत नव्हते. आहेत एवढंच कळत होतं.

मंडप हळूहळू गप्प झाला.

आणि काकणांचा बारीकसा आवाज आला. म्हातारीच्या हातातल्या बांगड्या एकमेकींवर टेकल्या होत्या. हात मांडीवरून उठले, छातीपाशी आले, जुळले.

“आला,” हौसाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुणालाही ऐकू गेलं नसेल, इतक्या हळू.

कौस्तुभने रिमोट घट्ट धरला. त्याला ओरडावंसं वाटत होतं, पण ते त्याने आवरलं. अंधारातून वाट काढत तो अक्का बसल्या होत्या तिथे गेला आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसला.

“अक्का.”

“हं.”

“हौसाबाईंनी हात जोडले.”

“पाहिलं.”

“तुम्ही म्हणाला होतात, मग बोलू.”

“म्हणाले होते.”

तो थांबला. एवढे दिवस मनाशी घोळवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. अक्काही थांबल्या होत्या...

मागे काहीतरी खरडलं.

हौसाबाई उठत होत्या. एक हात खांबाला, एक जमिनीला. एक गुडघा वर आला, दुसरा येईना. शेजारची बाई सावरायला गेली तर तिचा हात त्यांनी झटकून टाकला.

कौस्तुभ धावला.

“आजी, काय हवंय? पाणी आणू?”

“सर बाजूला.”

“कुठं निघालात?”

“वर.”

“वर कुठं? तुम्हाला पायऱ्या बंद केल्यात ना डॉक्टरांनी?”

“केल्यात की.”

“मग? आणि आता तर इथं बसून दिसतोय ना तुम्हाला? नीट दिसतोय ना?”

“नीट दिसला म्हून तर निघाले,” हौसाबाई म्हणाल्या. “आजवर दिसत नव्हता, तवा गप बसले हुते.”

दुसरा गुडघाही वर आला. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या, थरथरत. पण डोळे पडद्यावर होते, आणि पडद्यातले त्यांच्यावर.

“ये म्हनतोय,” त्या म्हणाल्या. “कवाधरनं म्हनत आसंल. मला कुठं ऐकू येत हुतं.”

त्यांनी खांब सोडला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायच्या आधी तोल गेला, आणि कौस्तुभने दंड धरला म्हणून त्या वाचल्या.

सगळा मंडप आता त्यांच्याकडे बघत होता.

कौस्तुभ पुरता गोंधळला. वर जावं लागू नये म्हणून टीव्ही आणला. घरची भिंत उघडी केली, आईला मोबाईलवर बसवलं. वाईट दिसत होता तोवर म्हातारी सुखाने खांबाला टेकून बसली होती. आज चित्र साधलं, आयुष्यात कधी साधलं नव्हतं तसं साधलं, आणि ही उठून चालली. या गुडघ्यांनी, त्या पायऱ्यांवर.

“अक्का, हे उलटंच झालं,” तो म्हणाला.

अक्का जवळ आल्या होत्या.

“थोडा उजेड वाढवू का? कालच्यासारखं करून टाकतो. म्हणजे त्या बसतील तरी. नाहीतर पडतील हो पायऱ्यांवर.”

अक्का दाराकडे बघत होत्या.

“एका बटणाचं काम आहे, अक्का.”

त्याचा अंगठा रिमोटवर आला. दुसऱ्या हातात हौसाबाईंचा दंड होता, काटकुळा, आणि तो दाराकडे ओढत होता.

अक्कांनी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला. दारावरची सतरंजी एका हाताने बाजूला केली. ऊन आत आलं, पडद्यावरचे डोळे त्या उजेडात पार पुसले गेले, आणि समोर पायऱ्या दिसू लागल्या.

“सेटिंगला हात लावू नकोस,” अक्का म्हणाल्या. “हिला उचल.”